ज्योतीवर चालणारे शीतकपाट

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात सरोवरे गोठतात. तेथील कित्येक वयस्क मंडळी ते महिने अॅरिझोनाच्या उबदार वाळवंटात काढून वसंतात सरोवराकाठच्या उन्हाळी घरी परततात. प्रवास मोटारघरातून, चूल, बिछाने सारे गाडीतच. अंगणात पोचल्यावर मात्र जाणता चालक घराचे कुलूप नंतर उघडतो. आधी पाणसळ लावून पाहतो आणि चाकांखाली फळ्या सरकवून गाडी समपातळीत आणतो. का बरे?

कारण गाडीतले शीतकपाट! अनेक मोटारघरांत ते गॅसच्या इवल्याशा ज्योतीवर चालते. ज्योतीने गारवा कसा? ज्योत अमोनियाचे पाण्यातील द्रावण तापवते. अमोनिया वायुरूपात बाहेर पडतो, वर जाऊन निवतो आणि द्रव होतो. पुढे हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याची पुन्हा वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता तो कपाटातल्या दूधभाजीतून ओढून घेतो. (हातावर स्पिरिट टाकून फुंकर घाला, म्हणजे पटेल.) मग पाणी त्याला शोषते आणि द्रावण उताराने ज्योतीकडे परतते. ना पंप, ना मोटार! ही युक्ती १९२२ साली स्टॉकहोममध्ये शिकणाऱ्या फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांची.

पण सारी भिस्त गुरुत्वाकर्षणावर. गाडी कलती उभी केली, की द्रावण वाटेतच अडते. ज्योत मात्र जळतच असते. नळी भलतीच तापते, गंजरोधक रसायनाचे खडे बनून ती कायमची तुंबते. क्वचित आगही लागते. डोंगर चढताना मात्र हे सहसा होत नाही, कारण हिसक्यांनी द्रावण हलत राहते.