स्टार आणि नट: फरक बघायचाय?

स्टार प्रत्येक सिनेमात स्वतःच येतो आणि आपण त्याच्यासाठीच शिट्ट्या मारतो. त्यात गैर काही नाही. पण अभिनय कशाला म्हणतात, हे आपल्या पुण्याच्या दोन नटांकडे बघून कळतं: डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले.

लागू पेशाने कान-नाक-घसा सर्जन. ‘पिंजरा’त (१९७२) ते मास्तर आहेत, ‘सामना’तही मास्तरच. पहिला करारी आदर्श शिक्षक, जो शेवटी तमाशाच्या फडात तुणतुणं धरून उभा राहतो. दुसरा दारूत बुडालेला जुना स्वातंत्र्यसैनिक, जो ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न काही केल्या सोडत नाही. नट तोच, माणसं मात्र पूर्ण वेगळी!

‘सामना’त या मास्तरासमोर साखरसम्राट हिंदुराव: निळूभाऊ. प्रत्यक्षात हे राष्ट्र सेवा दलाचे कार्यकर्ते, पुण्यात एकेकाळी माळीकाम केलेले. पडद्यावर मात्र सत्तेची गुर्मी आवाजातून, नजरेतून ठिबकते. जब्बार पटेलांचा हा सिनेमा १९७५ साली बर्लिन महोत्सवात पोचला.

स्टारपद प्रेक्षक देतात. अभिनय नटाला कमवावा लागतो. या रविवारी ‘पिंजरा’ आणि ‘सामना’ लागोपाठ बघा आणि तुमचं मत कमेंटमध्ये नक्की लिहा.