मैदान सुटल्यावर

आमच्या भागात ‘शौकीन’ हा शब्द उच्चारला की शहरी माणसाच्या कपाळाला आठी पडते. पण सातारा-सांगलीकडे या शब्दाला वेगळा मान आहे. एखाद्याकडे बोट दाखवून कुणी म्हणाले, ‘ह्यो मोठा शौकीन हाय बरं का,’ तर समजावे की हा गृहस्थ कुस्तीच्या मैदानासाठी दोन एस्ट्या बदलून, डबा बांधून आणि घरच्यांची बोलणी खाऊन आलेला आहे. मी असा शौकीन आहे. गेली पन्नासहून अधिक वर्षे आहे. स्वतः मात्र कधी लंगोट कसला नाही. लहानपणी वडिलांनी दोन महिने तालमीत घातले होते. माझे जोर पंचविसाच्या पुढे कधी गेले नाहीत आणि बैठकांनंतर जिना चढताना मी रडत असे. शेवटी वस्तादांनीच वडिलांना निरोप धाडला की पोराला शाळेत हुशार होऊ द्या.

तालीम सुटली, पण मातीचा वास सुटला नाही. याला आमच्या घरची हवाही कारणीभूत असावी. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत कवठेपिरानच्या मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये आणि पुनवतच्या गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदके मिळवली. दोघेही आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले. वडिलांनी ती बातमी ओसरीवर बसून मोठ्याने वाचली आणि मग ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी पुन्हा वाचली. जकार्ता कुठे आहे, हे ओसरीवर कुणालाच सांगता आले नाही. कवठेपिरान मात्र सगळ्यांना ठाऊक होते.

ज्यांनी मैदान पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गावची यात्रा असते. पंचमंडळी वर्गणी गोळा करून आखाडा तयार करतात. तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद घालून ती लोण्यासारखी मऊ केलेली असते. दुपारी लहान पोरांच्या कुस्त्यांनी सुरुवात होते. इनाम काय, तर रेवड्या नाहीतर खोबऱ्याची वाटी! उन्हे कलतील तसे जोड मोठे होत जातात. हलगी घुमू लागते, फेटे उडतात आणि दिवेलागणीला पहिल्या नंबरची कुस्ती लागते. कुंडलला, औंधला, पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेला मी अशा किती संध्याकाळी धूळ खात काढल्या, याचा हिशेब माझ्या पत्नीजवळ आहे. माझ्याजवळ नाही.

या खेळाची एक खास गोष्ट म्हणजे इथला खेळाडू हाताच्या अंतरावर असतो. जिंकलेला पैलवान मैदानाला फेरी मारतो, तेव्हा पुढच्या रांगेतला कुणीही त्याच्या मातीने माखलेल्या हातावर दहाची नोट ठेवू शकतो आणि तो ती कपाळाला लावतो. मैदान सुटल्यावर हाच पैलवान एस्टी स्टँडावर, चहाच्या गाड्यावर भेटतो. ज्याच्या मानेचा घेर माझ्या मांडीएवढा, तो ‘मामा, बसा की,’ म्हणून बाकावर जागा करून देतो. आवाज इतका हळू की पुन्हा विचारावे लागते. तालमीत गेलो तर चपला बाहेर काढायच्या, माती कपाळाला लावायची आणि मग पाटावर बसायचे. थंडाईचा पेला आपोआप पुढे येतो. ‘मामा, वजन किती तुमचं?’ असे एकदा एका पोराने विचारले. म्हटले, ‘पावसात भिजलो तर पंचावन्न.’ सगळी तालीम हसली. तेव्हापासून तिथे माझे नाव ‘पंचावन्न मामा’ पडले, ते आजतागायत.

पण हे सारे गोड पुराण सांगताना एक गोष्ट लपवली, तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही.

साल १९७५. मी तेव्हा कराडला कॉलेजात होतो. सातारा जिल्ह्यातल्या एका गावच्या यात्रेत दुसऱ्या नंबरच्या कुस्तीला सांगलीकडचा एक पैलवान होता. त्याचा ढाक मी आधी दोनदा पाहिला होता. वीज पडावी तसा समोरचा आडवा होई. त्याच्या भरवशावर मी मित्रांशी मटणाच्या जेवणाची पैज मारली होती. सलामी झडली, हाताला हात लागला आणि वीस मिनिटे नुसतीच खडाखडी चालली. आमचा पैलवान पुढे येई आणि उजवा हात मागे घेई. ढाकेची संधी दोनदा आली, दोन्हीदा त्याने सोडली. लोक चुळबुळू लागले. मग एकाएकी समोरच्याने पट काढला आणि आमचा गडी चितपट!

मी दुसऱ्या रांगेतून उठून उभा राहिलो आणि ओरडलो, ‘नुरा हाय! नुरा!’

नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. पैलवानाला याहून वाईट शिवी नाही. एका तोंडातून निघालेला शब्द क्षणात शंभर तोंडी झाला. ढेकळे उडाली. पंचांनी लोकांना शांत करण्यासाठी तिथल्या तिथे त्याचे इनाम निम्मे केल्याचे जाहीर केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

रात्री शेवटची गाडी चुकली. मित्र गावातच कुणाच्या तरी ओळखीने जेवायला गेले. मी स्टँडवर आलो, तर बाकावर तोच बसलेला. शेजारी वळकटी, उजव्या हाताला ओले फडके. मी मागे फिरणार, तेवढ्यात त्याने हाक मारली.

‘पाव्हणं, कुठलं?’

‘कराडकडचा.’

‘बसा की. आणि जरा ही गाठ सोडा. एका हातानं सुटंना.’

फडक्यात दोन भाकऱ्या आणि खर्डा होता. मी गाठ सोडली. त्याने डाव्या हाताने भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढे धरली. दिव्याच्या उजेडात त्याची उजव्या हाताची दोन बोटे दिसली. वांग्यासारखी सुजून काळीनिळी झाली होती. मी विचारण्याआधी तोच म्हणाला, ‘परवा सरावात गेली. वस्ताद नगं म्हणत हुतं. पण गावानं पत्रिकेत नाव छापल्यालं. न्हाई कसं म्हणायचं? आणि दूधवाल्याची तीन महिन्याची उधारी हाय. म्हटलं, इनामात भागंल.’

भाकरी माझ्या घशाखाली उतरेना. थोड्या वेळाने त्याने सहज विचारले, ‘तुमी कुठं बसला हुता?’

‘लांब. पार मागं,’ मी म्हणालो.

पहाटेच्या गाडीला मी त्याची वळकटी टपावर चढवली. एवढेच काय ते माझ्या हातून झाले. मोटार धुरळा उडवीत गेली आणि मी पैजेतले मटण खायला न जाता सरळ घरी आलो.

त्यानंतर मैदानात जाणे सोडले नाही. ओरडणे मात्र सोडले. आणि मग आमच्याच तालुक्यातली, लहानपणापासून ऐकलेली एक गोष्ट मला नव्याने कळू लागली. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, तेव्हा सहावे आले. म्हणजे आपल्या रोखठोक भाषेत हरले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैशांची जुळवाजुळव करताना गावोगावच्या लोकांनी हात पुढे केला आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या जुलैत खाशाबांनी बँटमवेट गटात ब्राँझपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढचे यायला १९९६ साल उजाडावे लागले.

ते परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे आमच्याकडे अजून सांगतात. मिरवणुकीचे मला कौतुक आहेच. पण आता त्या बैलगाड्यांपेक्षा मला प्राचार्यांचे गहाण पडलेले घर मोठे वाटते. बैलगाड्या पदकाच्या मागे आल्या. घर मात्र सहाव्या आलेल्या माणसासाठी गहाण पडले होते. पुढे खाशाबांनी पोलिसात नोकरी केली, १९८४ साली अपघातात ते गेले. हयातीत पद्म किताब त्यांच्या वाट्याला आला नाही. आज दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव आहे आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस राज्याचा क्रीडादिन म्हणून साजरा होतो. मैदान सुटल्यावर आपण सगळे किती लवकर घरी जातो, हेच यातून दिसते.

सगळेच शौकीन तसे नसतात. शेजारच्या कोल्हापूरला कुस्तीइतकेच फुटबॉलचे वेड. तिथल्या माझ्या एका स्नेह्यांनी मला स्कॉटलंडच्या पाठीराख्यांची हकिगत सांगितली. ‘टार्टन आर्मी’ म्हणतात त्यांना. चौकड्यांचे गुडघ्यापर्यंतचे घागरे घालून ही मंडळी संघामागे देशोदेशी जातात. १९७४ ते १९९८ या काळात त्यांचा संघ सहा विश्वचषकांत खेळला आणि सहाही वेळा पहिल्याच फेरीतून परत आला. तरी ही माणसे पुढच्या वेळी घागरे इस्त्री करून हजर! हरल्यावरही गाणी म्हणतात आणि जिंकलेल्या गावाशी दोस्ती करून घरी जातात. मला वाटले, यांना एकदा आमच्या मैदानावर आणावे. मी १९७५ साली कुठे बसलो होतो, ते त्यांना दाखवावे.

पुढे १९९४ मध्ये नोकरीच्या बदलीने मी सांगलीला आलो. चौकशी करत करत एका खेड्यातल्या तालमीत पोहोचलो. तो आता वस्ताद झाला होता. केस पिकलेले, पोट थोडे सुटलेले, उजव्या हाताची दोन बोटे वाकडीच राहिलेली. पोरांना भारंदाज शिकवत होता. मी ओळख दिली. गाव, यात्रा, साल सांगितले. आणि एकोणीस वर्षे जिभेच्या टोकाशी अडलेले वाक्य अखेर बोललो, ‘वस्ताद, नुरा म्हणून पहिला ओरडलो तो मी.’

तो माझ्याकडे बघत राहिला. मग मोठ्याने हसला.

‘लई जण वरडायचे हो. कुणाकुणाचा आवाज ध्यानात ठेवू? वर्गणी दिल्याली असती माणसांनी, वरडणारच की.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘पण त्या राती कुणीतरी माझी वळकटी टपावर चढवली हुती. ती ध्यानात हाय. तुमीच का ते?’

मी मान हलवली. त्याने पोराला हाक मारली आणि थंडाई आणायला सांगितली. गेल्या तीस वर्षांत मी त्या तालमीत किती वेळा गेलो असेन! त्यानंतर त्या ओरडण्याचा विषय त्याने एकदाही काढला नाही.

अलीकडे गुडघे साथ देत नाहीत, तरी जवळचे मैदान चुकवत नाही. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा साताऱ्यात भरली. अंतिम लढतीत पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांना पाच विरुद्ध चार अशा एका गुणाने हरवले. गदा उंचावली, सगळे स्टेडियम तिकडे धावले. मी जागेवरून दुसऱ्या कोपऱ्याकडे पाहत होतो. एका गुणाचे अंतर ते केवढे!

पुढच्या वर्षी मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली, तेव्हा नातीला घेऊन गेलो. ती दहा वर्षांची. सांगलीचीच प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. नातीने उड्या मारून घसा बसवून घेतला. पण त्याआधी दुपारी एक गोष्ट घडली. सुरुवातीच्याच फेरीत हरलेली एक मुलगी आमच्यापासून चार खुर्च्यांवर एकटी येऊन बसली. टॉवेल डोक्यावरून ओढून घेतलेला. नातीने माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. ती उठली, आपली पाण्याची बाटली घेऊन गेली आणि तिच्या शेजारी बसली. थोड्या वेळाने टॉवेल खाली आला. मुलीने आपला मोडलेला कान नातीला दाखवला, हात लावू दिला. दोघींचे काय बोलणे झाले, ते मला ऐकू आले नाही.

परतताना एस्टीत मी विचारले, ‘काय म्हणाली गं ती?’

‘पुढच्या वर्षी ये म्हणाली. मी येणार म्हणून सांगितलंय,’ नात म्हणाली. आणि माझ्या खांद्यावर डोके टेकून झोपली.