प्रकाशीय तबकडी चालक

प्रकाशीय तबकडीवरील माहिती लेसर किरणाने वाचणारे व काही प्रकारांत तबकडीवर माहिती लिहिणारे, संगणकाला जोडावयाचे उपकरण. व्यवहारात याला ‘ड्राइव्ह’ असेच म्हणतात. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी ध्वनिमुद्रणासाठी विकसित केलेली सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. त्यानंतर डीव्हीडी १९९६ मध्ये व ब्लू-रे २००६ मध्ये प्रचारात आली. तिन्हींचा व्यास १२० मिमी.च आहे, फरक आहे तो मुख्यतः लेसरच्या तरंगलांबीत. ती अनुक्रमे ७८०, ६५० व ४०५ नॅनोमीटर असते. तरंगलांबी कमी केल्याने प्रकाशाचा ठिपका बारीक होतो व माहितीचे सर्पिल वेढे अधिक दाट बसविता येतात. त्यामुळे सीडीची सु. ७०० मेगाबाइट ही धारणक्षमता ब्लू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइटपर्यंत गेली.

अलीकडच्या अनेक कॅबिनेटांत चालकासाठी कप्पाच ठेवलेला नसतो. तथापि छायाचित्रे, विवाहसमारंभांची चित्रणे व संशोधनाच्या नोंदी अद्याप तबकड्यांवरच राहून गेलेल्या आहेत. लिहिता येणाऱ्या तबकड्यांतील रंजकद्रव्य प्रकाश व उष्णता यांमुळे खराब होत जाते. म्हणून जुन्या संगणकात सुस्थितीतील चालक बसवून ही सामग्री वेळीच उतरवून घेण्याची गरज वारंवार पडते.

उभारणी : प्रथम संगणक बंद करून विजेची दोरी काढावी. केवळ कळ दाबून बंद केलेल्या संगणकातही एसएमपीएसकडून मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू असतो, ही गोष्ट पुष्कळदा लक्षात घेतली जात नाही. अंगावरील स्थिर विद्युत् निघून जावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. कप्प्यापुढील झाकण काढून चालक समोरून आत सरकवावा, त्याचा दर्शनी भाग कॅबिनेटच्या पृष्ठाशी जुळवावा आणि नंतरच दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळावेत. हे स्क्रू ३ मिमी. व्यासाचे, बारीक आट्यांचे असतात. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू येथे बळाने फिरविल्यास आटे मोडतात व जास्त लांबीचे स्क्रू आतील यंत्रणेला टेकतात. ५२ पट वेगाच्या चालकात तबकडी मिनिटाला १०,००० पेक्षा अधिक फेरे घेऊ शकते. त्यामुळे बसवणी सैल राहिल्यास संपूर्ण कॅबिनेट थरथरते. तडा गेलेली तबकडी अशा चालकात कधीही घालू नये.

जोडणी दोन प्रकारची आढळते. जुन्या आयडीई पद्धतीत ४० टाचण्यांची रुंद पट्टी वापरतात व एका पट्टीवर दोन उपकरणे राहू शकतात. त्यांपैकी मुख्य कोणते व दुय्यम कोणते हे मागील जंपरने ठरवावे लागते; दोन्ही मुख्य ठेवल्यास बहुधा एकही उपकरण ओळखले जात नाही. पट्टीची लाल कड पहिल्या टाचणीकडे ठेवतात. वीजपुरवठ्याच्या चार तारांपैकी पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची व दोन काळ्या भूसंपर्काच्या असतात. या जोडाचे दोन कोपरे तिरपे कापलेले असतात, ते विनाकारण नव्हे : जोड उलटा दडपून बसविल्यास ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन विद्युत् मंडले जळतात. २००३ नंतर प्रसार पावलेल्या साटा पद्धतीत माहितीसाठी ७ व विजेसाठी १५ संपर्कांचे जोड असतात. प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र केबल असल्याने जंपरचा प्रश्न उरत नाही.

संगणक सुरू केल्यावर बायॉसच्या यादीत चालकाचे नाव दिसावयास हवे. कळ दाबूनही तबक बाहेर येत नसल्यास वीजपुरवठा तपासावा. तबक उघडते परंतु नाव दिसत नाही, असे झाल्यास माहितीची केबल किंवा जंपर यांत दोष असण्याचा संभव अधिक. प्रत्येक दुरुस्तीपूर्वी वीज पुन्हा तोडावी. बंद पडलेल्या चालकात तबकडी अडकल्यास दर्शनी भागावरील सूक्ष्म छिद्रात सरळ केलेली कागदाची क्लिप हलकेच दाबून तबक बाहेर काढता येते. चालकाचे आवरण उघडून तो चालवू नये. सीडीच्या लेसरचा किरण जवळजवळ अदृश्य असल्याने डोळ्याला इजा होत असतानाही ती जाणवत नाही.

कॅबिनेटमध्ये जागा नसल्यास यूएसबीने जोडावयाचा बाह्य चालक वापरतात. आयडीई चालक नव्या मदरबोर्डला सरळ जोडता येत नाही. त्यासाठी रूपांतरक लागतो.