जुन्या मोटारीची अपघात-तपासणी

वापरलेली मोटार विकत घेण्यापूर्वी, तिला पूर्वी झालेला व दुरुस्तीने झाकला गेलेला अपघात शोधण्यासाठी केलेल्या पाहणीस अपघात-तपासणी म्हणतात. जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ हा शब्द सर्रास आढळतो. मात्र त्याचा अर्थ विक्रेत्यागणिक बदलतो. धक्का बाहेरच्या पत्र्यावरच थांबला की सांगाड्यापर्यंत पोहोचला, हे ठरविणे हा तपासणीचा मुख्य हेतू होय.

सांगाडा

आजच्या बहुतेक प्रवासी मोटारींत वेगळी चॅसी नसते. छप्पर, खांब, तळ आणि पुढचे-मागचे दांडे वेल्डिंगने जोडून एकसंध सांगाडा केलेला असतो. त्यास मोनोकॉक म्हणतात. महिंद्र बोलेरोसारख्या काही गाड्यांत मात्र शिडीच्या आकाराची स्वतंत्र चॅसी असते. मोनोकॉकचे पुढचे व मागचे भाग टक्कर होताच चुरगळून धक्क्याची ऊर्जा शोषतील, अशा बेताने घडविलेले असतात. चुरगळलेला दांडा ठोकून व ओढून सरळ केला, तर तो दिसतो पूर्वीसारखा; पुढच्या टकरीत तो पूर्वीसारखा वागेल याची खात्री उरत नाही. लपविलेल्या दुरुस्तीतील खरा धोका हा आहे. किमतीचा प्रश्न त्यानंतरचा.

पत्रा व रंग

पाहणी दिवसाउजेडी व गाडी कोरडी असताना करावी, कारण ओल्या पत्र्यावर रंगातील फरक लपतो. दारे, बॉनेट व फेंडर यांमधील फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. कारखान्यातील रंगाची जाडी साधारणतः ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असते. पुट्टी भरलेल्या जागी मापक याच्या अनेक पट आकडा दाखवितो. मापक नसल्यास कापडात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवून पाहतात. जाड पुट्टीवर ते नीट धरत नाही. प्लॅस्टिकच्या बंपरवर अर्थातच ही कसोटी निरुपयोगी ठरते.

एखादे दार पुन्हा रंगविलेले असणे हा फारसा पुरावा नव्हे. शहरात गाडीला ओरखडे पडतातच. चौकटीवरचे रबर किंचित ओढून पाहिल्यास अधिक कळते. त्याखाली स्पॉट वेल्डिंगचे गोल, एकसारखे ठसे असतात. ते घासलेले किंवा ओबडधोबड दिसल्यास तेथील पत्रा बदलला असण्याचा संभव असतो. स्टेपनीच्या खाचेतील सुरकुत्या मागून बसलेला धक्का सांगतात. एअरबॅगचा दिवा चावी फिरविताच लागून काही क्षणांत विझावा. तो मुळीच लागत नसेल, तर बिघाड झाकण्यासाठी दिवाच बंद केला असल्याची शंका घ्यावी.

चाकांचे कोन

चाकांच्या ठेवणीत तीन कोन प्रमुख आहेत: टो, म्हणजे वरून पाहता चाकांचे आत वा बाहेर वळणे, कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा कल, आणि कॅस्टर, म्हणजे बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल. टो खड्ड्यांमुळेही बिघडतो व सहज जुळविता येतो. त्यावरून अपघाताचा निष्कर्ष काढू नये. कॅस्टर, आणि बऱ्याचदा कॅम्बरही, जुळविण्याची सोय अनेक छोट्या गाड्यांत नसते. म्हणूनच त्यांत डाव्या-उजव्या चाकांमध्ये मोठी तफावत असेल, तर काहीतरी वाकले आहे असे समजावे. लोअर आर्मसारखे सुटे भाग बदलूनही आकडे जुळले नाहीत, तर संशय सांगाड्यावर जातो. व्हील अलाइनमेंट केंद्रातून जुळवणीपूर्वीच्या आकड्यांचा छापील कागद अवश्य मागावा.

गाडी एका बाजूस ओढत असल्यास आधी टायरमधील हवा पाहावी. भारतात वाहने डावीकडून चालतात आणि रस्त्यास कडेकडे उतार असतो, त्यामुळे किंचित डावीकडे सरकणे स्वाभाविक आहे. पुढचे दोन टायर आपसांत बदलल्यावर ओढ उलट दिशेस गेली, तर दोष टायरचा असतो. मागून पाहणाऱ्यास गाडी खेकड्यासारखी तिरकी धावताना दिसली, तर मागचा आस सरकलेला असू शकतो. एका कडेने झिजलेले टायरही बोलके असतात; विक्रीपूर्वी नवे टायर बसविले असल्यास ही खूण मिळत नाही.

कागदपत्रे

विमापत्रावरील नो क्लेम बोनस सलग पाच दावारहित वर्षांनंतर ५० टक्के होतो. जुन्या गाडीवर तो शून्य असल्यास अलीकडे दावा झाला असण्याची शक्यता असते. मात्र हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. मालकाने तो आपल्या नव्या गाडीकडे वळविला असल्यासही शून्यच दिसेल.