धसकटाचा हिरवा फुटवा

गेल्या रविवारी मिस्सानंतर दोघे शेजारी भांडतच आमच्या दारी आले. एकाची गाभण गाय दुसऱ्याच्या रानात शिरली आणि अर्ध्या तासात तडफडून मेली. शेजाऱ्याने विष घातले, असा आरोप. विष होते, हे खरे. पण ते कोणी घातले नव्हते. पशुवैद्यकांनी गाय फाडून पाहिली, तेव्हा पोटात निघाले ज्वारीचे कोवळे फुटवे. काढणीनंतर धसकटे रानातच राहिली होती, त्यांवर वळवाचा पाऊस पडला, मग ऊन तापले.

घाणेरी, एरंड, कण्हेर जनावरांना वाईट, हे आपण जाणतो. जिची भाकरी रोज खातो तिच्यावर मात्र कोण संशय घेणार?

कोवळ्या ज्वारीच्या पानांत धुरिन नावाचे द्रव्य असते. पाने चावून पोटात गेली की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. मग रक्तात प्राणवायू असूनही शरीराला तो वापरता येत नाही. म्हणून हिरड्या लालभडक दिसतात. धाप, तोंडाला फेस, झोकांड्या, झटके, आणि पुष्कळदा तासाभरात मरण. गुडघ्याएवढे पीक, पाण्याच्या ताणाने कोमेजलेले पीक आणि धसकटाचे फुटवे सर्वांत घातक. युरिया जास्त पडला तर विष वाढते. फुलोऱ्यानंतर ते बरेच उतरते. पक्व पिकाचा वाळलेला कडबा निर्धास्त घालावा. उपाशी जनावर तर हिरव्या ज्वारीजवळ नेऊच नये. घोड्याला हे इतक्या झटक्यात बाधत नाही, पण आठवडेच्या आठवडे हिरवी ज्वारी चारल्यास त्याचे मागचे पाय लुळे पडतात, लघवी थेंबथेंब गळते.

एखादे जनावर लागलेच, तर बाकीची आधी रानाबाहेर काढा. लागलेल्याला पळवू नका. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून द्यावी लागतात. ते काम पशुवैद्यकांचेच. त्यांचा फोन नंबर आजच गोठ्याच्या दारावर लिहून ठेवा. अंगारेधुपारे करीत बसू नका. (पवित्र पाण्यासाठी आमच्याकडेही धावू नका, आधी डॉक्टर.)

ते दोघे आता मिळून धसकटे नांगरून टाकणार आहेत. गायीच्या भरपाईचे मात्र अजून ठरलेले नाही. येत्या रविवारी पुन्हा बसायचे आहे.