श्वानवर्तन व सुरक्षित हाताळणी
पाळीव कुत्र्याच्या स्वाभाविक वागणुकीचे ज्ञान आणि त्या ज्ञानाच्या आधारे घरात, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात, केली जाणारी त्याची देखभाल व हाताळणी यांचा या नोंदीत विचार केला आहे. कुत्र्याचे कल्याण आणि त्याच्या सहवासातील माणसांची सुरक्षितता हे सामान्यतः दोन वेगळे विषय समजले जातात. वस्तुतः दोन्ही एकाच गोष्टीवर अवलंबून असतात व ती म्हणजे कुत्र्याला वाटणारी भीती, वेदना वा अस्वस्थता माणसाने वेळीच ओळखणे. भारतात मोकाट कुत्र्यांकडून होणाऱ्या दंशांचा प्रश्न मोठा आहे; परंतु घरातील वा शेजारातील, पूर्ण ओळखीचे कुत्रेही चावते आणि अशा घटना बहुधा टाळता येण्याजोग्या असतात.

वर्तनाची जडणघडण : कुत्रा (कॅनिस फॅमिलिॲरिस) हा लांडग्यापासून उत्पन्न झालेला असून माणसाने माणसाळविलेला तो सर्वांत पहिला प्राणी होय. जर्मनीत बॉनजवळील ओबरकासेल येथे माणसांबरोबर पुरलेल्या कुत्र्याचे सु. १४,००० वर्षांपूर्वीचे अवशेष मिळाले आहेत. माणसाळण्याची प्रवृत्ती अंशतः आनुवंशिक असते. दिमित्री बेल्याएव्ह यांनी १९५९ मध्ये सायबीरियात नोव्होसिबिर्स्क येथे केवळ सौम्यपणाच्या निकषावर कोल्ह्यांची निवड-पैदास सुरू केली, तेव्हा काही पिढ्यांतच माणसाला पाहून शेपटी हलविणारे कोल्हे निपजले. तथापि प्रत्येक कुत्र्याच्या बाबतीत अनुभवाचा वाटाही तितकाच मोठा असतो. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेत मेन राज्यातील बार हार्बर येथे केलेल्या व १९६५ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले की, साधारणपणे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ पिलाच्या आयुष्यात निर्णायक असतो. या काळात माणसे, मुले, इतर प्राणी व घरातील आवाज यांचा सुखकर परिचय झालेले पिलू पुढे त्यांना घाबरत नाही. चौदा आठवड्यांपर्यंत माणसाचा संपर्क न आलेली पिले मात्र नंतर प्रयत्न करूनही बुजरीच राहिल्याचे आढळले. याउलट पिलू आईपासून फार लवकर तोडणेही घातक ठरते, कारण खेळताना दात किती जोराने लावावेत, हे ते आई व भावंडे यांच्याकडून शिकते. भारतातील २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिलाच्या विक्रीस मनाई आहे.

ज्ञानेंद्रिये : कुत्र्याचे जग मुख्यतः गंधाचे असते. अनोळखी माणसाला हुंगणे ही त्याची ओळख करून घेण्याची रीत होय. त्यात अडथळा आणल्यास ते बिथरण्याचा संभव असतो. माणसाला सु. २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर कुत्र्याची मर्यादा सु. ४५,००० हर्ट्‌झपर्यंत जाते. त्यामुळे दिवाळीतील फटाके, मिरवणुकीतील ढोलताशे व ध्वनिक्षेपक यांचा त्याला होणारा त्रास माणसाच्या कल्पनेपेक्षा अधिक असतो. कुत्र्याला निळा व पिवळा हे रंग वेगळे ओळखता येतात. तांबडा व हिरवा यांतील भेद त्याला नीट कळत नाही. वृद्ध कुत्र्याची दृष्टी व श्रवणशक्ती मंदावते. असे झोपलेले कुत्रे एकाएकी स्पर्श झाल्यास दचकून चावू शकते.

देहबोली : चावणे ही बहुधा कुत्र्याची पहिली प्रतिक्रिया नसते, तिच्या आधी इशाऱ्यांची एक चढती श्रेणी असते. प्रारंभीची चिन्हे सौम्य असतात : खाणे समोर नसताना ओठ व नाक चाटणे, झोप आलेली नसता जांभई देणे, मान वळविणे, नजर टाळणे, पुढचा एक पाय उचलून धरणे. त्यांकडे दुर्लक्ष झाल्यास कुत्रे दूर सरकू लागते, अंग चोरते, कान मागे पाडते, शेपटी पोटाखाली घेते. डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागतो. यानंतर सर्व शरीर ताठ व निश्चल होते. ही क्षणभराची निश्चलता विशेष धोक्याची समजावी. पुढे गुरगुरणे, दात दाखविणे, हवेत तोंड मारणे व अखेरीस चावा अशा पायऱ्या येतात. प्रत्येक कुत्रे प्रत्येक वेळी सर्व पायऱ्यांनी जातेच असे नाही. वेदना होत असल्यास किंवा पूर्वीचे इशारे निष्फळ ठरलेले असल्यास ते मधल्या पायऱ्या वगळते.

शेपटी हलणे म्हणजे आनंद, ही समजूत अपुरी आहे. सैल अंगाने, मागच्या भागासह रुंद हलणारी शेपटी मित्रत्वाची द्योतक असते. परंतु ताठ उभी धरून थोड्या अंतरात जलद हलविलेली शेपटी केवळ उत्तेजना दर्शविते. त्याचप्रमाणे उताणे पडलेले कुत्रे दर वेळी पोट खाजविण्यासाठीच आमंत्रण देते असे नाही. अंग ताठ व शेपटी पोटाला चिकटलेली असेल, तर ती शरणागतीची व ‘दूर व्हा’ अशा विनवणीची खूण असते.

शिस्त व शिक्षण : गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारण्याची पद्धत सर्वत्र आढळते व तीच सर्वांत अनिष्ट होय. माराने गुरगुरणे थांबते, पण त्यामागील भीती कायम राहते. असे कुत्रे पुढे पूर्वसूचना न देता चावते आणि मग ‘ते अकस्मात चावले’ असे सांगितले जाते. गुरगुर ऐकताच त्या वेळी चाललेली क्रिया थांबवून दूर होणे व नंतर तिचे कारण शोधणे, हा योग्य मार्ग होय.

कुत्र्यावर सतत वर्चस्व गाजविले पाहिजे, हे मत बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांतून रूढ झाले. रूडोल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांविषयी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांमधील झुंजींचे वर्णन आहे. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील ग्रंथाने या कल्पनेचा प्रसार झाला. परंतु त्यांनीच पुढे १९९९ मध्ये नैसर्गिक कळप हा मुख्यतः आईबाप व त्यांची पिले यांचे कुटुंब असतो, असे दाखवून तिची दुरुस्ती केली. कुत्र्याला उताणे दाबून धरणे, मानगूट पकडून हलविणे इ. उपायांना त्यामुळे शास्त्रीय आधार उरलेला नाही. शिवाय ते करणाऱ्याचा चेहरा कुत्र्याच्या दातांजवळ येतो.

कुत्रे परिणामांवरून शिकते. इष्ट वर्तनानंतर लगेच खाऊ, खेळ वा शाबासकी मिळाल्यास ते वर्तन वाढते. उशिरा केलेली शिक्षा त्याला कळत नाही. अलेक्झांड्रा होरोविट्स यांनी २००९ मध्ये दाखविले की, मालकाला ‘अपराधी’ वाटणारी कुत्र्याची मुद्रा प्रत्यक्ष अपराधापेक्षा मालकाच्या रागावण्याशी निगडित असते. घरातील सर्वांनी एकाच आज्ञेसाठी एकच शब्द वापरणे व एकच नियम पाळणे आवश्यक असते.

कल्याणाच्या गरजा : ब्रिटनमध्ये १९६५ च्या ब्रँबेल समितीच्या अहवालातून पुढे आलेली व १९७९ मध्ये निश्चित रूप मिळालेली पाच स्वातंत्र्ये मुळात शेतावरील जनावरांसाठी होती, ती कुत्र्यालाही लागू पडतात. भूक व तहान, गैरसोय, वेदना व रोग, भीती व ताण यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक अशी ती आहेत. कुत्र्याला ताजे पाणी, सावली, रोजचे फिरणे, हुंगण्यास वाव आणि झोपेसाठी रहदारीपासून दूर अशी स्वतःची जागा हवी. घाम गाळण्याची शक्ती त्याला फारशी नसल्याने ते मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवते. म्हणून उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीत ठेवल्यास ते थोड्याच वेळात दगावू शकते. चॉकोलेट, कांदा, लसूण, द्राक्षे व बेदाणे त्याला विषारी ठरतात. दिवसरात्र साखळीला बांधलेले कुत्रे उत्तम राखण करते, हा समज चुकीचा आहे. भीती वाटल्यास पळून जाण्याचा मार्ग त्याला नसतो, त्यामुळे चावणे हाच पर्याय उरतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० याच्या कलम ११ प्रमाणे अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ जनावर बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला पुरेशा व्यायामापासून वंचित ठेवणे हा गुन्हा आहे. पूर्वी शांत असलेले कुत्रे एकाएकी चिडखोर झाल्यास कानदुखी, दातदुखी, सांधेदुखी अशा विकाराची शक्यता धरून प्रथम पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी.

मुले व कुत्रा : लहान मुलांना दंश बहुधा डोके, चेहरा व मान यांवर होतात, कारण त्यांची उंची कमी असते व ती आपला चेहरा कुत्र्याच्या तोंडाजवळ नेतात. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठात झालेल्या संशोधनात लहान मुले दात दाखविणारे कुत्रे ‘हसत आहे’ असे समजतात, असे आढळले. यामुळे केवळ मुलांना बजावणे पुरेसे नसते. जबाबदार प्रौढ व्यक्तीने जवळ राहून लक्ष दिले पाहिजे आणि ते शक्य नसल्यास दोघांमध्ये दार वा जाळी असावी. कुत्रे कितीही विश्वासू असले, तरी तान्ह्या मुलाजवळ त्याला एकटे ठेवू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या, आजारी किंवा पिलांना पाजणाऱ्या कुत्र्याजवळ मुलांनी जाऊ नये. त्याला मिठी मारणे, त्याच्यावर बसणे, कान वा शेपटी ओढणे, तोंडातील वस्तू हिसकावणे यांस प्रतिबंध करावा. मिठी ही माणसाची प्रेमाची रीत आहे. कुत्र्याला मात्र तीत अडकल्यासारखे वाटते. गोंजारण्यापूर्वी त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे, छाती वा खांद्यावर थोडा वेळ हात फिरवावा व हात थांबवून पाहावे. कुत्रे तेथेच थांबले वा जवळ सरकले, तरच पुढे चालू ठेवावे. घरात बाळ येण्यापूर्वी काही आठवडे आधीपासून कुत्र्याच्या झोपण्याच्या जागेत व दिनक्रमात आवश्यक ते बदल करावेत, म्हणजे त्या बदलांचा संबंध ते बाळाशी जोडत नाही.

अनोळखी, मोकाट व जखमी कुत्री : दुसऱ्याच्या कुत्र्याला मालकाच्या अनुमतीशिवाय हात लावू नये. मोकाट कुत्रे अंगावर येत असल्यास पळू नये, ओरडू नये व त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नये. हात अंगाशी घेऊन झाडासारखे स्थिर उभे राहावे व नजर खाली ठेवावी. कुत्र्याने लक्ष काढून घेतल्यावर सावकाश मागे सरावे. खाली पडल्यास अंगाचे मुटकुळे करून मान व कान हातांनी झाकावेत. भांडणाऱ्या कुत्र्यांमध्ये हात घालू नये. जखमी कुत्रे मालकालाही चावू शकते. त्याला हलविण्यापूर्वी पट्टीचा फास जबड्याभोवती बसवून, हनुवटीखाली पीळ देऊन, कानांमागे गाठ मारल्यास तात्पुरते मुसके तयार होते. उलटी वा श्वासाचा त्रास होत असल्यास, तसेच पगसारख्या आखूड नाकाच्या जातींत असे मुसके बांधू नये.

अलर्क रोगाचा धोका : कुत्र्याचा दंश ही साधी जखम समजू नये. पिसाळ किंवा अलर्क रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. माणसाला होणाऱ्या या रोगाच्या ९९ टक्क्यांपर्यंत प्रकरणांत संसर्ग कुत्र्यांपासून होतो आणि जगातील बळींपैकी सु. ४० टक्के १५ वर्षांखालील मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रोगी कुत्र्याच्या वागणुकीत बदल, विनाकारण चावणे, लाळ गळणे, आवाज बदलणे ही लक्षणे दिसतात. रोगाच्या शांत प्रकारात खालचा जबडा लुळा पडतो. तेव्हा घशात हाड अडकले असावे अशा समजुतीने तोंडात हात घालणे अत्यंत धोक्याचे असते.

चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागणे यांपैकी काहीही घडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने किमान १५ मिनिटे धुवावी व जंतुनाशक लावून त्याच दिवशी रुग्णालयात जावे. चुना, हळद, तिखट, तेल असे पदार्थ जखमेत भरू नयेत. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या योझेफ माइस्टर या मुलाला प्रथम लस टोचली. भारतात पूर्वी पोटात टोचली जाणारी मेंदूच्या ऊतकापासून केलेली लस आता वापरात नाही. आधुनिक लस दंडात स्नायूमध्ये किंवा त्वचेत टोचतात. त्वचेत टोचावयाच्या मात्रा ०, ३, ७ व २८ या दिवशी देतात. त्वचा भेदून रक्त आले असल्यास जखमेत प्रतिपिंडद्रव्यही टोचावे लागते. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावे. परंतु त्याच्या निरीक्षणासाठी उपचार लांबणीवर टाकू नयेत. दंश झाल्याचे मुलाने शिक्षेच्या भीतीने लपवू नये, यासाठी घरात तसे मोकळे वातावरण असणे हाही प्रतिबंधाचाच भाग होय. पाळीव कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात या रोगाची लस द्यावी व पुढील मात्रा पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमितपणे द्याव्यात.

सार्वजनिक जबाबदारी : मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण यांसंबंधी भारतात २००१ मध्ये नियम झाले व त्यांच्या जागी २०२३ मध्ये नवे नियम आले, त्यांची अंमलबजावणी स्थानिक संस्थांवर सोपविलेली आहे. मोकाट संख्येत सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांची व त्यांच्या पिलांचीही भर पडते. कुत्रे सर्वसाधारणपणे दहा ते तेरा वर्षे जगते, हे लक्षात घेऊन तेवढ्या काळाची तरतूद करूनच ते पाळावे. दंशाची अनेक प्रकरणे अखेरीस ते कुत्रे रस्त्यावर सोडण्यात संपतात. तेथे ते लसीकरणापासून व देखरेखीपासून तुटते आणि मूळचा धोका घरातून वस्तीत जातो.