फिरती आडनावं, जळालेली दफ्तरं

१८९० साली डब्लिनच्या महानिबंधक कार्यालयातले एक अधिकारी, रॉबर्ट मॅथेसन, यांनी एक पुस्तक छापून घेतलं. आयर्लंडभर एकेका आडनावाची जी निरनिराळी रूपं चालत होती, ती त्यात जुळवून दिली होती. ते हौसेखातर लिहिलेलं नव्हतं. जन्माचा दाखला मागायला माणसं येत, कारकून सूची उघडत, आणि नाव सापडत नसे. नोंद तर असे, पण दुसऱ्याच आडनावाखाली. सख्ख्या भावंडांना वेगवेगळी आडनावं लागलेली असत. एकच माणूस कधी स्मिथ म्हणवून घेई, कधी मॅकगोवन, आणि दोन्ही नावं त्याचीच असत. अशा माणसाची नोंद कुठल्या अक्षराखाली शोधायची, हा त्या कचेरीतला रोजचा प्रश्न होता.

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमध्ये पसरलेले आयरिश वंशज आजही त्याच प्रश्नापाशी अडतात. ‘आमचं स्पेलिंग वेगळं, म्हणजे ते घराणं आमचं नव्हे’ असं म्हणत किती तरी जण आपल्याच पणजोबांची नोंद ओलांडून पुढे जातात. म्हणून या विषयात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आधीच सांगतो. एकोणिसाव्या शतकातल्या आयरिश नोंदीतलं स्पेलिंग बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचं असतं. कुटुंबाचा असतो तो उच्चार, आणि त्याहूनही पक्की असते ती कुटुंबाची जागा.

ही नावं मुळात गेलिक. ‘ओ’ म्हणजे अमक्याचा नातू किंवा वंशज, ‘मॅक’ म्हणजे अमक्याचा मुलगा. मुलीच्या नावामागे ‘नी’ किंवा ‘निक’ येई. इंग्रजी सत्तेला ही नावं सुरुवातीपासून खुपत होती. १४६५ च्या एका कायद्याने डब्लिन, मीथ, लाउथ आणि किल्डेअर या परगण्यांतल्या आयरिश लोकांना एखाद्या गावाचं, रंगाचं किंवा धंद्याचं इंग्रजी आडनाव घ्यायला फर्मावलं. त्या कायद्याचा प्रत्यक्ष परिणाम मर्यादितच राहिला. खरी पडझड सतराव्या शतकातल्या पराभवांनंतर झाली. जमिनी गेल्या, गेलिक सरदार परागंदा झाले, आणि ‘ओ’ व ‘मॅक’ ही उपपदं हजारो घरांतून गळून पडली. ओ’सलिव्हनचे सलिव्हन झाले.

पुढे नाव लिहिणारा प्रत्येक जण वेगळा होता. कॅथलिक पाद्री लॅटिनमध्ये लिही, जमीनदाराचा कारभारी इंग्रजीत, आणि नाव सांगणारं कूळ बऱ्याचदा फक्त गेलिक बोलणारं व निरक्षर. कानावर पडेल ते कागदावर उतरे. ओ डोहर्टी हे डोनेगलकडचं घराणं घ्या. त्याच्या मधोमध घशातला एक ‘ख’सारखा ध्वनी आहे. इंग्रजी लिपीत तो नीट बसत नाही, म्हणून कोणी तो सोडून दिला, कोणी ‘जी-एच’ घालून ठेवला. डोहर्टी आणि डॉगर्टी ही दोन घराणी दिसतात ती अशी.

याहून अवघड प्रकार भाषांतराचा. मॅक गोवनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ लोहार. कॅव्हन परगण्यात त्याचा सरळ स्मिथ झाला, आणि आयर्लंडमधला प्रत्येक स्मिथ इंग्रज वंशाचा असतो हा समज त्यामुळे फोल ठरतो. गॉलवेकडे मॅक कॉनरी या नावाच्या शेवटी गेलिकमधला ‘राजा’ ऐकू येतो म्हणून ती माणसं किंग झाली. एका नावात काटेरी झुडपाचा शब्द होता, तर त्यांचे थॉर्नटन झाले. अशा ठिकाणी ध्वनीचं साम्यही हाताशी उरत नाही. पॅट्रिक वुल्फ यांनी गेलिक आणि इंग्रजी रूपं जोडून दिली, पुढे एडवर्ड मॅकलायसॅट यांनी घराणी त्यांच्या परगण्यांसह मांडली. अशा ग्रंथांवाचून इथे पाऊल पडत नाही. मॅकलायसॅट यांचं स्वतःचं उदाहरण बोलकं आहे. ते जन्माने लायसॅट. १९२० च्या सुमारास त्यांनी ‘मॅक’ परत लावला, आणि पुढे आयर्लंडचे मुख्य कुलचिन्ह-अधिकारी झाले. १८९३ मध्ये गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी गेलिक लीग स्थापन झाल्यावर अशी कितीतरी घरं आपल्या ‘ओ’कडे आणि ‘मॅक’कडे परतली. त्यामुळे एकाच कुटुंबात आजोबा सलिव्हन आणि नातू ओ’सलिव्हन असणं अगदी साधी गोष्ट आहे.

एवढं असूनही वाट सापडली असती, जर कागद शिल्लक राहिले असते.

३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट झाला आणि शेजारचं सार्वजनिक अभिलेखागार पेटलं. १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ च्या शिरगणत्यांची घरोघरची पत्रकं थोडे तुकडे वगळता राख झाली. शतकांची मृत्युपत्रं गेली. चर्च ऑफ आयर्लंडच्या तिथे जमा केलेल्या रजिस्टरांची तीच गत झाली. पण सगळा दोष त्या आगीला देणं बरोबर नाही. १८६१ आणि १८७१ ची पत्रकं सरकारनेच काम झाल्यावर नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करण्यासाठी दिली गेली. देशभराची पूर्ण अशी सर्वांत जुनी शिरगणती उरली ती १९०१ ची. १८४५ ते १८५२ च्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. नेमकी त्यांचीच पत्रकं आज नाहीत, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

या नुकसानीतून एक खिडकी अनपेक्षितपणे उघडी राहिली. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्या गरिबांना जानेवारी १९०९ पासून पेन्शन मिळू लागलं. पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनची. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने वय सिद्ध करायचं कसं? एक पुरावा म्हणून ६ जानेवारी १८३९ चं भीषण वादळ आठवतं का, हे विचारलं जाई. दुसरा मार्ग, १८४१ किंवा १८५१ च्या शिरगणतीत शोध घेण्यासाठी अर्ज करायचा. अर्जदार आईबापांची नावं आणि वाडी सांगे, कारकून तेव्हा शाबूत असलेली पत्रकं उघडून पाही आणि सापडलेल्या कुटुंबाचा तपशील अर्जावरच उतरवून ठेवी. पत्रकं जळाली, अर्ज वाचले. एका म्हातारीने पेन्शनसाठी दिलेल्या अर्जात दुष्काळाआधीचं तिचं सबंध घर भावंडांसकट उभं राहतं. या कागदांइतका जिवंत दुसरा आधार मला तरी या विषयात दिसलेला नाही. १९०१ आणि १९११ या दोन शिरगणत्यांमधल्या दहा वर्षांत कित्येक वृद्धांची वयं दहाहून जास्त वर्षांनी वाढलेली दिसतात, त्याचं कारणही याच पेन्शनमध्ये आहे.

अर्जात वाडी विचारली जाई, हे महत्त्वाचं. आयर्लंडमध्ये जमिनीचं सर्वांत लहान एकक म्हणजे टाउनलँड. नावात ‘टाउन’ असलं तरी ते शहर नव्हे. काही शेतं, मोजकी घरं, कधी नुसतं माळरान. देशात असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. १८२४ पासून झालेल्या सर्वेक्षणात त्यांच्या नावांची इंग्रजी रूपं ठरवण्यासाठी जॉन ओ’डोनोव्हन यांच्यासारखे विद्वान गावोगाव हिंडले. त्यानंतर वाडीचं स्पेलिंग बऱ्यापैकी स्थिर झालं, माणसांचं झालं नाही. म्हणून मुरलेला संशोधक आधी वाडी शोधतो आणि मग तिथे राहणाऱ्या सर्वांची नावं मोठ्याने वाचतो. रिचर्ड ग्रिफिथ यांनी १८४७ ते १८६४ मध्ये केलेली जमीन-घरांची आकारणी इथे कामी येते. जळालेल्या शिरगणत्यांची जागा ती पूर्ण भरत नाही, कारण तिच्यात फक्त कब्जेदाराचं नाव आहे, बायकामुलं नाहीत. पण तिच्यात एक सुंदर सोय आहे. एका वाडीत चार-चार जॉन सलिव्हन असले, की त्यांना वेगळं ओळखण्यासाठी बापाचं नाव किंवा गावातलं टोपणनाव जोडलेलं असतं. सरकारी पुस्तकात शेजाऱ्यांची हाक नोंदली गेली आहे.

आडनावाइतकंच पाळण्यातलं नावही फसवतं. टायग नावाचा मुलगा इंग्रजी कागदात टिमथी होतो, डिअरमिड हा जेरेमाया होतो आणि कॉन्होर हा कॉर्नेलियस. ब्रिजेट ही अमेरिकेत डेलिया म्हणून सापडते. बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदीत जेम्सचा याकोबुस असतो. अशा वेळी धर्ममायबापांची नावं पाहावीत. ती बहुधा मावशी, काका, शेजारी यांचीच असतात, आणि आडनाव तिसऱ्यांदा बदललं तरी तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. तारखांच्या बाबतीतही सावध राहावं लागतं. जन्म उशिरा नोंदवला तर दंड होई, म्हणून आईबाप तारीख पुढची सांगत. जन्माच्या आधी बाप्तिस्मा झालेली मुलं आयरिश नोंदींत चांगलीच आढळतात.

संगणक आल्यावर हे सोपं झालं असं अनेकांना वाटतं, पण शोधयंत्रात ध्वनीवरून जुळणी करणारी साउंडेक्स ही पद्धत आधी समजून घ्यावी. तिचं पेटंट १९१८ सालचं. नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे, उरलेल्या व्यंजनांना आकडे द्यायचे. डोहर्टीला डी-६३० मिळतो. ‘जी’ लिहिलेल्या डॉगर्टीला डी-२६३. ‘ओ’ लावलेल्या डोहर्टीला ओ-३६३. एकच घराणं तीन वेगळ्या कप्प्यांत गेलं. स्मिथ आणि मॅकगोवन यांची गाठ तर कुठलंही ध्वनिसूत्र घालून देणार नाही. यंत्र वापरावं, पण उपपदासह, उपपदाशिवाय आणि भाषांतरित रूपाने, असा प्रत्येक शोध स्वतंत्रपणे करावा. आडनाव अजिबात न घालता वाडी आणि आईचं नाव घालून पाहणं सर्वांत फलदायी ठरतं.

अमेरिकेतल्या घरांत हमखास ऐकू येणारी कथा अशी, की एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आडनाव बदललं. तिथले कारकून जहाजावर आधीच तयार झालेल्या यादीवरून तपासणी करत. नवी नावं ते देत नसत. १ जानेवारी १८९२ रोजी त्या बेटावर पहिली नोंद झाली ती कॉर्कहून आलेल्या ॲनी मूरची, आणि तिच्याच बाबतीत वेगळा गोंधळ झाला. टेक्ससमधली एक ॲनी मूर म्हणजेच ती, असं कित्येक वर्षं सगळे मानत होते. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक यांनी दाखवून दिलं, की टेक्ससची ॲनी इलिनॉयमध्ये जन्मलेली होती, आणि खरी ॲनी न्यूयॉर्कमध्येच राहून तिथेच वारली. इथे स्पेलिंग हुबेहूब जुळत होतं आणि माणूस चुकला होता. आयर्लंडमधलं मूळ गाव हवं असेल, तर बॉस्टनच्या ‘पायलट’ साप्ताहिकात १८३१ पासून छापल्या गेलेल्या जाहिराती वाचाव्यात. हरवलेल्या भावाला, नवऱ्याला शोधणारी माणसं त्यांत परगणा, पॅरिश (चर्चचा स्थानिक विभाग), कधी वाडीसुद्धा देत.

डब्लिनमधलं दफ्तर जळाल्यामुळे बाहेर राहिलेल्या प्रत्येक प्रतीची किंमत वाढली. ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने २०२२ मध्ये सुरू झालेला आभासी अभिलेखागाराचा प्रकल्प याच प्रती जगभरातून गोळा करतो आहे. जळालेल्या इमारतीत काय काय होतं, याचा आराखडा त्याला हर्बर्ट वुड यांच्या १९१९ च्या मार्गदर्शिकेतून मिळाला.

अशा बाहेर राहिलेल्या कागदांचा एक मोठा साठा आपल्या मुलखातला आहे. सतराव्या शतकात मुंबईच्या बंदोबस्तासाठी उभी राहिलेली गोरी पलटण ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलात वाढली, पुढे १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन बनली. कंपनीच्या गोऱ्या शिपायांत आयरिश माणसं फार मोठ्या संख्येने होती. पुणे, खडकी, मुंबई इथले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं यांच्या प्रती मुंबई इलाख्यातून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. नागपूरजवळच्या कामठीत मद्रासची फौज असे, म्हणून तिथली नोंद मद्रास इलाख्याच्या मालिकेत पाहावी लागते. भरतीच्या कागदांत शिपायाची पॅरिश किंवा परगणा, वय आणि धंदा असतो. आयर्लंडमधली पणजोबांची शिरगणती नाहीशी झाली असली, तरी खडकीतल्या त्यांच्या लग्नाची नोंद मिळू शकते. तिच्यात वराचं आडनाव पलटणीच्या पाद्र्याच्या कानावर पडेल तसं उतरलेलं असणार. म्हणून सही किंवा खूण केलेल्या दोन्ही साक्षीदारांची नावं उतरवून घ्यावीत, त्यांच्या भरतीच्या कागदात पॅरिश पाहावी, आणि वराचा शोध आयर्लंडमधल्या त्या पॅरिशपासून सुरू करावा.